रत्नाआत्याची घोडी

रत्नप्रभाने आयुष्याची एकतीस वर्षं लोकांच्या पायांशी बसून काढली. साकेत नगरला लागून जे मोठं इस्पितळ आहे तिथे ती सिस्टर होती, आणि तिच्या वाट्याला आले होते मधुमेहाचे पाय. काळे पडलेले अंगठे, टाचेला पडलेली भोकं, आठ दिवस बुटात राहिलेला खिळा आणि तो न कळलेले सज्जन. घरच्या पंगतीत तिला कुणी कधी "काय गं, काम कसं चाललंय?" असं विचारलं नाही. विचारलं तर ती खरंच सांगेल, अशी सगळ्यांना धास्ती होती.

लग्न झालं नाही. का झालं नाही याची एकेक गोष्ट प्रत्येक नातेवाइकाकडे आहे, आणि त्यातली एकही खरी नाही. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, इथलेच झाले. थोरला भाऊ भालचंद्र पिपलानीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि फोरमन होऊन निवृत्त झाला. त्याचं घर, त्याचा संसार, त्याचे सणवार, आणि त्या सणावारांत पोळ्या लाटायला रत्नाआत्या. वाईट कुणीच वागलं नाही तिच्याशी. पण फोटो काढताना तिला कायम फोटो काढणाऱ्याच्या बाजूला उभं राहावं लागे, त्याला इलाज नव्हता.

मागच्या जूनमध्ये, निवृत्त होऊन तिला चार महिने झाले होते, तेव्हा सकाळी फिरायला जाताना तिला मैना दिसली. रुळांच्या बाजूला एक मोकळा प्लॉट आहे, तिथे पत्र्याची शेड, आणि शेडबाहेर एक पांढरी घोडी, तीच मैना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळं वजन मागच्या पायांवर, तापल्या तव्यावर कुणी उभं केल्यासारखी. शेजारी घोडीवाला अशोक उकिडवा बसला होता. पंचेचाळिशीचा, सडपातळ माणूस. वडिलांच्या वेळी चार घोड्या होत्या, त्याच्याकडे ही एकच उरली होती.

"क्या हुआ इसको?" रत्नप्रभाने विचारलं.

"पता नहीं बहनजी. नालबंद बोला नाल ढीली है, नई ठोक गया. तब से और खराब."

रत्नप्रभा सरळ खाली बसली. सवयच ती. खुराला हात लावला तर चटका बसावा इतकं गरम. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं टेकवली तर नाडी धाडधाड उडत होती. एकतीस वर्षं ती माणसांच्या घोट्यांवर नाडी शोधत आली होती, आणि बहुतेक वेळा ती सापडायची नाही. इथे सापडायला शोधावीसुद्धा लागली नाही.

"क्या खिलाते हो?"

अशोक कसनुसा हसला. तो काय खाऊ घालणार! त्याची वैरण साधीच होती. पण अक्षय्य तृतीयेपासून रोज दोन-दोन वराती झाल्या होत्या. नवरदेव घोडीवर चढला की त्याच्या बहिणीने, वहिनीने घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवायचा, ही इकडची रीत. बहिणी चार असल्या तर चौघी भरवतात, मग मावश्या, मग शेजारणी. नको म्हटलं तर अपशकुन. दोन महिन्यांत मैनाने जेवढा गूळ खाल्ला असेल तेवढा एखाद्या घरात वर्षाला लागत नाही.

डॉ. कौस्तुभला रत्नप्रभानेच बोलावलं. पिपलानीत त्याचा दवाखाना आहे, येतात तिथे कुत्री-मांजरं, पण त्याचा खरा जीव घोड्यांवर. त्याने मैनाचं खूर तपासलं आणि अशोकला कळेल अशा भाषेत सांगितलं. खूर म्हणजे नख. आतलं हाड त्या नखाला हजारो बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं, वजन त्या पकडीवर तोललेलं असतं. पोटात साखर फार गेली की ते पापुद्रे सुजतात, पकड सुटते, हाड तिरकं होऊन खाली घसरायला लागतं. मैनाचं थोडं घसरलंय. आधी हे लोखंड काढायचं. पायाखाली वाळू. गवत पाण्यात भिजवून, पाणी ओतून टाकून मगच द्यायचं, म्हणजे त्यातली साखरही निघून जाते. दर तीन आठवड्यांनी पुढची कड थोडी घासून आखूड करायची. वरून नवं, घट्ट धरलेलं खूर उतरत येईल, आपलं नख येतं तसंच. त्याला दहा-अकरा महिने लागतील.

"और तब तक बारात?" अशोकने विचारलं.

"तब तक कुछ नहीं," कौस्तुभ म्हणाला. आणि रत्नप्रभाला मराठीत म्हणाला, "मावशी, घाई केली तर सगळं पाण्यात जाईल. हे इंजेक्शन ठेवा. फार कळवळली तरच द्या. आणि दिल्यावर दोन दिवस तिला जागेवरून हलू द्यायचं नाही. दुखणं थांबतं, पकड तशीच सैल असते. तिला वाटतं आपण बऱ्या झालो."

रत्नप्रभाला हे सांगायची गरजच नव्हती. तिने स्वतः शेकडो लोकांना हेच बजावलं होतं: दुखत नाही म्हणून चालू नका, दुखत नाही हाच तर तुमचा रोग आहे.

मग सुरू झालं तिचं दुसरं आयुष्य. बांधकामावरून वाळू आणवली, ती पावसाने वाहून गेली, पुन्हा आणवली. भालचंद्राने आपल्या जुन्या पेटीतली अर्धगोल कानस काढून दिली. "काऊन वं रत्ना, माणसं संपली का भोपाळातली?" असं विचारलं, पण कानस चांगली धार असलेली दिली. कौस्तुभने दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा रत्नप्रभाने स्वतः केलं. मैनाचा पाय गुडघ्यावर घेऊन बसायची आणि घासायची, थोडं थोडं, जास्त मुळीच नाही. साठीच्या बाईची कंबर धरायची. पण पायाशी बसायचं म्हटलं की तिच्या अंगात कुठून तरी बळ येत असे.

अशोकवर तिने अशी काही हुकमत चालवली की बिचारा चहात साखर घालतानासुद्धा तिच्याकडे बघायचा. गवत किती वेळ भिजवलं? वाळू कुणी ओली ठेवली? पोरांना सांग, बिस्कीट दिलं तर याद राखा! तो "जी दीदी, जी दीदी" करत सगळं करी. पोटासाठी त्याने एका टेंट हाउसमध्ये मांडव उभारायचं काम धरलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नाचे बांबू बांधायचे आणि संध्याकाळी येऊन मैनाचं गवत भिजत घालायचं. कधी कुरकुरला नाही. रत्नप्रभाला वाटे, माणूस गरीब आहे, त्याला आपण सांगू तेवढंच कळतं.

आणि गुण आला. ऑगस्टात मैना मागचे-पुढचे पाय सरळ टाकून उभी राहिली. दिवाळीला तिने वाळूत लोळण घेतली आणि उठून अंग झटकलं, तेव्हा अशोक आणि रत्नप्रभा दोघंही लहान मुलांसारखी हसली. खुराच्या केसांच्या कडेपासून निम्म्यापर्यंत नवं, गुळगुळीत खूर उतरलं होतं आणि त्याखाली जुनं, वळ्या पडलेलं. कौस्तुभने बघितलं. "छान! अर्धं काम झालं, मावशी. पण अर्धं म्हणजे अर्धंच हं."

पिपलानीच्या घरी आता तिला लोक विचारू लागले. "आत्या, मैना कशी आहे?" पायाच्या जखमांच्या गोष्टी कुणाला नको होत्या, पण घोडीच्या सगळ्यांना हव्या होत्या. समीरने, भालचंद्राच्या मुलाने, मोबाइलवर तिचा खूर घासतानाचा व्हिडिओ टाकला. 'रत्नाआत्याची घोडी' हे नाव त्यानेच पाडलं. जन्मात पहिल्यांदा रत्नप्रभा पोळ्या लाटता लाटता बोलत होती आणि लोक ऐकत होते. हे सुख तिने कधी चाखलं नव्हतं, आणि उशिरा चाखलेलं सुख माणसाला फार लवकर चढतं.

समीरचं लग्न डिसेंबरात ठरलं. मुलगी जवाहर चौकातल्या कापड दुकानदारांची, हिंदी घर, वरात घोडीवरूनच यायला हवी असा त्यांचा हट्ट. भालचंद्र खास साकेत नगरला तिच्या घरी आला.

"रत्ना, पोरगा म्हणते घोडी आत्याचीच पाहिजे. नाही तर मी चालत जातो म्हणते."

"माझी कुठली रे भाऊ, अशोकची आहे ती."

"तुझीच. सगळ्या भोपाळला माहीत आहे."

रत्नप्रभाने उद्या सांगते म्हटलं, पण तिच्यासाठी ती पडत्या फळाची आज्ञा होती. तिने मनाशी हिशेब मांडला. सहा महिने झालेत. समीर काटकुळा. कौस्तुभने दिलेले फोमचे जाड तुकडे खुराखाली पट्ट्यांनी बांधू. छोट्या टेम्पोतून न्यायची, शेवटचं अर्ध्या तासाचं अंतर फक्त चालवायची. कौस्तुभला विचारायला हवं हे तिला ठाऊक होतं. तिने विचारलं नाही, कारण तो काय म्हणेल हेही तिला ठाऊक होतं.

अशोकला मात्र सांगितलं. तो बराच वेळ मैनाची आयाळ विंचरत राहिला.

"डॉक्टर तो साल भर बोले थे, दीदी."

"आधा घंटा बस, अशोक. मेरे अपने भतीजे की शादी है. मैं हूँ ना!"

"आप बोल रहे हो तो ठीक है," तो म्हणाला. "पर लगाम मैं पकड़ूँगा. और किसी को नहीं दूँगा."

लग्नाच्या दिवशी दुपारी ती शेडवर गेली. अशोक झूल आणायला टेंट हाउसवर गेला होता. मैनाला तिने बाहेर काढलं, प्लॉटवर एक फेरी मारली. सरळ चालली, छान चालली. उजवीकडे वळली, छान वळली. डावीकडे वळताना मात्र पुढचं डावं पाऊल जरासं आखूड पडलं. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. रत्नप्रभाने पुन्हा वळवलं. पुन्हा आखूड.

ती तिथेच उभी राहिली. भाऊला फोन करायचा आणि सांगायचं, दुसरी घोडी बघा. एवढंच करायचं होतं. पण पिपलानीहून दोन गाड्या भरून निघाल्या होत्या. नागपूरहून चुलत बहिणी आल्या होत्या, त्यांनी येताक्षणी विचारलं होतं, "तुझी घोडी कुठंय गं?" सुलभावहिनीने या वेळी तिच्यासाठी स्वतःच्या साडीसारखी साडी घेतली होती. रत्नप्रभाने डोळ्यांसमोर ते सगळे चेहरे आणले, आणि तिला फोन करवेना.

शेडच्या फळीवर डब्यात कौस्तुभने दिलेल्या इंजेक्शनची ती कुपी होती. थोडंसंच देऊ. अर्धा तास तर आहे, उगीच जिवाला त्रास नको. तिने सिरिंज भरली, मानेत टोचली, चोळली. हात इतका सराईत की मैनाने कानसुद्धा हलवला नाही. मग सिरिंज पर्समध्ये टाकली. अशोक झूल घेऊन आला तेव्हा ती फोम बांधत होती. तिने त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं ती पुढे स्वतःला म्हणत असे, पण ते खोटं होतं. तिने सांगितलं नाही.

वरातीला मात्र रत्नप्रभा वाघिणीसारखी उभी राहिली. समीर घोडीवर बसला तशा वरातीतल्या हिंदी शेजारणी डाळीची, गुळाची ताटं घेऊन पुढे झाल्या.

"दाल नहीं," रत्नप्रभा म्हणाली. "गुड़ भी नहीं."

"अरे बहनजी, शगुन है!"

"शगुन घास का होगा." तिने पिशवीतून भिजवून निथळलेल्या गवताची जुडी काढली आणि समीरच्या बहिणीच्या, जुईच्या हातात दिली. जुईने लाजत लाजत घोडीला गवत भरवलं, बायका तोंडाला पदर लावून हसल्या, भालचंद्राने मोठ्याने सांगितलं, "आमच्या रत्नाची घोडी आहे ही, पथ्यावर असते!" आणि सगळे खदखदून हसले. रत्नप्रभाला वाटलं, जिंकलो. धोका होता तो ताटात, आणि ताट तर परत गेलं.

अर्ध्या तासाचे सव्वादोन तास झाले. बँडवाल्यांना सोडायचं नव्हतं, नाचणाऱ्यांना थांबायचं नव्हतं, दर चौकात गाणं नव्याने सुरू होई. मैना डांबरी रस्त्यावर ठुमकत, मान वळवत, एखाद्या तरण्या घोडीसारखी चालत होती. डावीकडे वळली तीसुद्धा झोकात. लोक मोबाइल उंच धरून तिचे फोटो काढत होते. रत्नप्रभाला कुणीतरी ओढून तिच्या शेजारी उभं केलं. "अशोक, इधर देखो, फोटो!" ती ओरडली, पण तो खाली मान घालून चालतच राहिला, त्याने वर बघितलं नाही. बुजला असेल, तिला वाटलं. मग चुलत बहिणींनी तिला गोलात ओढलं आणि साठ वर्षांची रत्नाआत्या भर रस्त्यात नाचली. मैनाच्या पुढ्यात नाचली.

दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण होता, तिला शेडवर जायला जमलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला अशोकचा फोन आला. "दीदी, मैना उठ नहीं रही."

ती वाळूत आडवी होती. घाम फुटलेला, नाकपुड्या फुललेल्या. रत्नप्रभाने डावं खूर उचलून तळवा पुसला. मधल्या त्रिकोणी मऊ गादीच्या पुढे, चंद्रकोरीसारखी भेग पडली होती, आणि तिच्यातून पातळ, लालसर पाणी येत होतं. तिने उजवं बघितलं. तिथेही तेच. पुढे बघायची गरज नव्हती. पायांतून हाड बाहेर येताना तिने आयुष्यभर बघितलं होतं.

कौस्तुभ आला, त्याने वरातीचं ऐकून घेतलं, दोन्ही खुरं तपासली. "दोन्ही पायांत हाड खाली आलंय. पूर्ण सुटलंय," तो म्हणाला. "नुसत्या चालण्याने असं होत नाही, मावशी. दुखायला लागलं की घोडी पाय टाकतच नाही, कितीही ओढा." त्याने तिच्याकडे बघितलं. त्याने ओळखलं असावं. तिने नजर खाली घातली.

"कुछ हो सकता है?" अशोकने विचारलं.

"नहीं भैया. जितना रखोगे, उतना तड़पेगी."

अशोकने मान हलवली. वळून मैनाच्या डोक्याशी बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तिच्या कानात काही बोलत राहिला. रत्नप्रभा तिच्या पायांशी बसली. तिथेच तिची जागा होती. कौस्तुभने सुई दिली. फार वेळ लागला नाही. शेवटी तिच्या हातातलं खूर जड झालं, एवढंच.

दुपारी महापालिकेची गाडी यायची होती. कौस्तुभ गेला. शेडमध्ये अशोक आणि रत्नप्रभा राहिली. त्याने मैनावर झूल घातली होती, लग्नातली, जरीची. परत करायची राहिली होती.

"आपने बहुत किया दीदी," अशोक म्हणाला. "छह महीने उसको आपने ही जिलाया. अपना तो नसीब खराब."

हे तिला ऐकवेना. त्याने शिव्या दिल्या असत्या तर ती गप्प बसू शकली असती. पण हे आभार घेऊन घरी गेलं तर जन्मभर स्वतःचं तोंड बघवणार नाही, हे तिला कळलं.

"अशोक, नसीब नहीं. मैंने किया," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. डावं पाऊल आखूड पडलं ते, कुपी, सुई, तो झूल आणायला गेला होता ते. "उसको दर्द था. मैंने दर्द बंद कर दिया. तुमको बताया नहीं."

अशोक ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती वाट बघत राहिली, पण राग आला नाही. तो जणू कसला तरी मेळ घालत होता, आणि तो मेळ आता बसला.

"मैं पूरे रास्ते उसके पाँव ही देख रहा था, दीदी," तो हळूच म्हणाला. "सोच के रखा था, एक बार भी लचकी तो दूल्हे को वहीं रोड पे उतार दूँगा. भले आप गुस्सा करो, भले सब गाली दें."

त्याने झुलीची एक सुरकुती हाताने सरळ केली.

"पूरे दो घंटे देखा. लचकी ही नहीं."